परदेशी कोर्टाचा कागद दारात आला तर

विदर्भातून संत्रा, रुई, तांदूळ देशाबाहेर जातो. व्यवहार फिसकटला की त्याच वाटेने कोर्टाचे कागद परत येतात. या वेळी त्याच विषयावरची सहा पत्रं घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न (हिंगणघाट): आमची जिनिंग-प्रेसिंग भागीदारीत आहे. चार वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका व्यापारी कंपनीमार्फत रुईच्या गाठी व्हिएतनामला पाठवल्या. गाठी ओलसर निघाल्या म्हणून त्या कंपनीने लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. समन्स आलं होतं, पण "तिकडचं कोर्ट आपलं काय करणार" म्हणून आम्ही ते बाजूला ठेवलं. आता वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयाची नोटीस आली आहे. इथे खटलाच चालला नाही, मग थेट दरखास्त (हुकूमनामा बजावण्याचा अर्ज) कशी? घर आणि वावर जाईल का?

उत्तर: नोटीस आली म्हणजे जप्ती झाली असं नाही. पण नोटिशीवरची तारीख चुकवली तर जप्तीचा रस्ता मोकळा होतो. म्हणून त्या तारखेला वकीलपत्र दाखल करणं हे पहिलं काम.

"इथे खटला चालला नाही" हा मुद्दा टिकणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ४४-अ प्रमाणे केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या ठरावीक देशांच्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात दाखल झाला की तो जणू त्याच न्यायालयाने दिल्यासारखा बजावता येतो. या यादीत इंग्लंड आहेच. शिवाय सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, न्यूझीलंड, फिजी, पापुआ न्यू गिनी, त्रिनिदाद-टोबॅगो आणि बांगलादेश आहेत. २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीही आली. अशा देशाचा हुकूमनामाधारक नवा दावा न लावता सरळ दरखास्त घेऊन येतो. मात्र त्याने काय काय दाखल केलं आहे ते आधी तपासा. न्यायालयातून दरखास्तीची पूर्ण नक्कल काढा. तीत दोन कागद असलेच पाहिजेत: हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, आणि आतापर्यंत किती रक्कम वसूल किंवा समायोजित झाली हे सांगणारा त्याच परदेशी न्यायालयाचा दाखला. हा दुसरा कागद पुष्कळदा नसतो, किंवा त्याऐवजी कंपनीच्या हिशेबनिसाचं पत्र जोडलेलं असतं. ते पत्र चालत नाही. तिसरी गोष्ट, हुकूमनामा देणारं न्यायालय अधिसूचनेतल्या "वरिष्ठ न्यायालयां"मध्ये बसतं का ते बघा. लंडनचं हायकोर्ट बसतं.

तुमचा खरा बचाव कलम १३ मध्ये आहे. परदेशी निकाल सहा कारणांनी बंधनकारक राहत नाही: न्यायालयाला अधिकारक्षेत्र नव्हतं, निकाल गुणदोषांवर दिलेला नाही, आंतरराष्ट्रीय कायद्याचा चुकीचा अर्थ लावला किंवा जिथे भारताचा कायदा लागू होता तिथे तो नाकारला, नैसर्गिक न्याय पाळला नाही, निकाल फसवणुकीने मिळवला, किंवा मागणीच भारतातल्या कायद्याच्या भंगावर उभी आहे. यातलं एकही कारण सिद्ध झालं तर जिल्हा न्यायालयाला बजावणी नाकारावीच लागते, तसं कलम ४४-अ मध्येच लिहिलं आहे. तुमच्या प्रकरणात पहिली दोन आणि चौथं अशी तीन कारणं तपासण्यासारखी आहेत.

अधिकारक्षेत्र. तुम्ही इंग्लंडमध्ये राहत नाही, तिथे धंद्याचं ठाणं नाही, तुम्ही तिथे हजरही झाला नाहीत. एवढ्यावर आक्षेप भक्कम वाटतो, पण आधी सौद्याचा कागद काढा. कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या पानावर, बहुतेक वेळा सह्यांच्या वर, बारीक टायपात एक ओळ असते: वाद इंग्लंडच्या कायद्याने आणि इंग्लंडच्या न्यायालयात चालेल. त्या ओळीखाली तुमची सही असेल तर अधिकारक्षेत्राचा मुद्दा संपला. करारानेच तुम्ही तो अधिकार मान्य केला. सही फक्त दलालाची असेल तर दलालाला तसा अधिकार कोणत्या पत्राने दिला होता ते शोधा. आणखी एक सापळा आहे. समन्स आल्यावर कोणी तरी त्या न्यायालयाला ई-मेलने "गाठी ओल्या नव्हत्या, आमचा लॅब रिपोर्ट बघा" असं कळवलं असेल, तर तेच न्यायालयाला शरण जाणं धरलं जाऊ शकतं. ज्यांना तिथलं अधिकारक्षेत्रच मान्य नाही, त्यांनी तिथे वकिलामार्फत फक्त तेवढाच आक्षेप नोंदवायचा असतो. मालाच्या दर्जाबद्दल चकार शब्द काढायचा नसतो.

गुणदोष. निकाल एकतर्फी आहे म्हणून तो आपोआप बाद होत नाही. हा गैरसमज वकिलांतही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली इंटरनॅशनल वूलन मिल्स विरुद्ध स्टँडर्ड वूल या प्रकरणात हे स्पष्ट केलं. लुधियानाच्या गिरणीविरुद्ध लंडनच्या न्यायालयाने प्रतिवादी आला नाही म्हणून हुकूमनामा दिला होता. न्यायालयाने पुरावा वाचून, कारणं देऊन निकाल दिला असेल तर एकतर्फी निकालही गुणदोषांवरचा ठरतो. केवळ उत्तर आलं नाही म्हणून यांत्रिकपणे दिला असेल तर ठरत नाही. लुधियानाचा हुकूमनामा दुसऱ्या प्रकारचा निघाला आणि बजावणी नाकारली गेली. इंग्लंडमध्ये मुदतीत उत्तर आलं नाही तर पुरावा न तपासता "डिफॉल्ट जजमेंट" देण्याची सोय आहे. म्हणून निकालाचा कागद उघडून बघा: एका पानात नुसती रक्कम, व्याज आणि खर्च आहे, की साक्षीदाराचं निवेदन, आर्द्रतेचा अहवाल, कराराची कलमं यांची चर्चा आहे? एकच पान असेल तर तिथल्या सॉलिसिटरकडून प्रकरणाच्या फाइलची प्रत मागवा. न्यायाधीशासमोर कोणता पुरावा होता ते तिच्यातूनच दाखवता येतं. निकाल गुणदोषांवर नव्हता हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे, हे विसरू नका.

समन्सची बजावणी. ते कसं आलं? भारत परदेशी समन्स बजावणीच्या हेग कराराचा सदस्य आहे आणि टपालाने थेट बजावणी करण्याला भारताने हरकत नोंदवली आहे. रीतसर समन्स विधी मंत्रालयामार्फत आपल्या न्यायालयाकडे येतं आणि बेलिफ ते देतो. कुरिअरने आलं असेल तर नैसर्गिक न्यायाच्या आक्षेपाला बळ मिळतं. पाकीट, त्यावरचा शिक्का, कुरिअरची पावती, सगळं जपा. फेकून दिलं असेल तर कुरिअर कंपनीकडून नोंद मागवा.

मुदतही मोजा. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्रा बँक या निकालात सांगितलं की अशा हुकूमनाम्याला ज्या देशाचा निकाल त्या देशाची मुदत लागते. भारतातली बारा वर्षं लागत नाहीत. तिथला १९९५ चा लंडनचा हुकूमनामा २००९ साली बेंगळुरूत दाखल झाला होता, तो मुदतबाह्य ठरला. हुकूमनामाधारकाने तिकडेच आधी वसुलीची कारवाई केली असेल तर ती संपल्यापासून इथे तीन वर्षं मिळतात.

"माल ओला नव्हताच" हा वाद मात्र वर्ध्यात परत उकरता येणार नाही. जिल्हा न्यायालय अपील ऐकायला बसलेलं नाही. अर्जाची पाच पानं त्यावर घालवली तर खरे मुद्दे झाकले जातात.

आता घर आणि वावर. कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याचं राहतं घर, त्याला लागून असलेली जागा, शेतीची अवजारं, न्यायालयाला गरजेचे वाटतील तेवढे बैल-गायी आणि बियाणं जप्त होत नाही. वावराला हे संरक्षण नाही. शिवाय संरक्षण खऱ्या शेतकऱ्याला मिळतं, म्हणजे शेतीवर ज्याचा उदरनिर्वाह आहे त्याला. ज्याची मुख्य कमाई जिनिंगची आहे त्याला ते मिळवणं कठीण जातं. भागीदारीत प्रत्येक भागीदाराची खासगी मालमत्ताही धोक्यात असते. हुकूमनामा फक्त फर्मच्या नावावर असेल आणि एखाद्या भागीदाराला स्वतंत्र समन्सच मिळालं नसेल, तर त्याच्या खासगी मालमत्तेला हात लावण्याआधी न्यायालयाची परवानगी लागते. हा मुद्दा पहिल्याच तारखेला लेखी घ्या.

प्रश्न (पुसद तालुका): मुलगा दुबईत नोकरीला होता. नोकरी गेली, तो परत आला. तिथल्या बँकेचं कर्ज आणि क्रेडिट कार्डाची बाकी राहिली. आता वसुलीवाले फोन करून म्हणतात, शेत जप्त करू, पोराला जेलात टाकू. शेत माझ्या नावावर आहे. घरात कोणाचा जीव थाऱ्यावर नाही.

उत्तर: आधी धीर धरा. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा कागद म्हणजे न्यायालयाची नोटीस नव्हे. जप्तीचा अधिकार फक्त न्यायालयाला आहे आणि त्याआधी न्यायालयाला तुमच्या मुलाला नोटीस काढावीच लागते. ४४-अ च्या दरखास्तीत तशी नोटीस देणं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २२ प्रमाणे सक्तीचं आहे. वसुलीवाल्याला विचारा: कोणत्या न्यायालयाचा निकाल, क्रमांक काय, तारीख काय? उत्तर लेखी मागा.

पण हे प्रकरण पोकळ धमकी समजून सोडून देऊ नका. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने संयुक्त अरब अमिरातीला यादीत घेतलं आहे. दुबई, अबुधाबी, शारजा, रास अल खैमा इथली न्यायालयं, तसंच दुबईच्या वित्तीय केंद्राचं न्यायालय तिच्यात आहे. त्याआधी बँकेला इथे नव्याने दावा लावावा लागे. आता निकाल हातात असेल तर ती थेट तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी दरखास्त करू शकते. निकाल अरबी भाषेत असतो. सोबतचं प्रमाणित भाषांतर नीट वाचून घ्या. रकमेत आणि नावात चुका सापडतात.

जेलबद्दल. केवळ पैसे नाहीत म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. ऐपत असून बुडवतो, मालमत्ता लपवतो, असं सिद्ध व्हावं लागतं. तसं झालं तरी दिवाणी कैद जास्तीत जास्त तीन महिने.

शेतीचं म्हणाल तर कर्ज मुलाचं आहे, तुमचं नाही. तुम्ही जामीन राहिला नसाल आणि जमीन तुमच्या स्वकष्टाची असेल तर तिला हात लागत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर सातबाऱ्यावर एकट्या तुमचं नाव असलं तरी मुलाच्या अविभक्त हिश्श्यावर जप्ती मागितली जाऊ शकते. घाबरून आता बक्षीसपत्र किंवा वाटणीपत्र करायला जाऊ नका. धनकोला चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होतं, आणि मुलगा लबाड आहे हे दाखवायला बँकेच्या हाती आयता पुरावा मिळतो.

तडजोड करायची असेल तर पैसे फक्त बँकेच्या स्वतःच्या खात्यात भरा, वसुलीवाल्याच्या खात्यात नाही. बँकेचं बेबाकी पत्र घ्या, आणि तिकडचं प्रकरण बंद झाल्याचा न्यायालयाचा कागदही.

प्रश्न (गोंदिया जिल्हा): आमची राईस मिल आहे. एका आफ्रिकी देशाच्या मंत्रालयाशी थेट करार करून उकडा तांदूळ पाठवला. ३० टक्के आगाऊ मिळाले, बाकी पैसे दोन वर्षांपासून अडकले आहेत. एक वकील म्हणतात, दुसऱ्या देशाच्या सरकारवर दावा लागतच नाही. खरं आहे का?

उत्तर: अर्धं खरं आहे. दावा लागतो, पण आधी केंद्र सरकारची लेखी संमती लागते. एका सार्वभौम राज्याला दुसऱ्या राज्याच्या न्यायालयात खेचू नये, या जुन्या तत्त्वाला आपल्याकडे संहितेच्या कलम ८६ ने चौकट दिली. तुमच्यासारखंच प्रकरण साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मिर्झा अली अकबर कशानी यांनी इजिप्तच्या सरकारी आयात खात्याशी चहा पुरवण्याचा करार केला होता आणि वाद होऊन कलकत्त्यात दावा लावला. व्यवहार निव्वळ व्यापारी आहे, मग संमती कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने सांगितलं, दावा परकीय राज्याविरुद्ध आहे, म्हणून कलम ८६ लागतं.

म्हणून सगळ्यात आधी करारावरचं समोरच्याचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. "अमुक देशाचं सरकार, तमुक मंत्रालय" असं असेल तर संमती हवी. वेगळी नोंदणी असलेलं महामंडळ किंवा कंपनी असेल, तिची स्वतःची मालमत्ता आणि खाती असतील, तर मांडणी बदलते. सरकारी मालकीच्या इथिओपियन एअरलाइन्सने कलम ८६ ची ढाल पुढे केली होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मानली नाही. तुमच्या पत्रावरून करार मंत्रालयाशी आहे, म्हणून पुढचं त्या हिशेबाने.

अर्ज दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाकडे करायचा. सोबत दाव्याचा मसुदा, करार, इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, तपासणी दाखला, मिळालेल्या ३० टक्क्यांची बँक नोंद आणि मागणीची सगळी पत्रं. पण नुसता कागदांचा गठ्ठा पाठवून काम होत नाही. संमती कधी देता येते याच्या चार अटी कलमातच आहेत: त्या राज्याने तुमच्यावर याच न्यायालयात दावा लावलेला असणं, स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत त्या न्यायालयाच्या हद्दीत व्यापार करणं, हद्दीतल्या स्थावर मालमत्तेचा ताबा असून वाद तिच्याबद्दल किंवा तिच्यावर बोजा असलेल्या पैशाबद्दल असणं, किंवा आपलं संरक्षण स्पष्टपणे वा वागण्यातून सोडून देणं. अर्जात यातली कोणती अट लागू पडते आणि कोणत्या कागदावरून, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. तुमच्यासाठी दुसरी अट जवळची आहे. त्यांचा निरीक्षक गोंदियाला मिलमध्ये आला होता का? पोत्यांचं वजन, ओलावा आणि तुकडा तपासून तिथेच सील लावलं का? वजनकाट्याच्या पावतीवर त्याची सही आहे का? त्यांनी इथे एजंट नेमला होता का? एकापेक्षा जास्त खेपा झाल्या का? हे सगळं "हद्दीत व्यापार" दाखवणारं आहे. सील लावतानाचे फोटो असतील तर तेही जोडा.

संमती म्हणून केंद्र सरकारच्या सचिवाच्या सहीचं लेखी प्रमाणपत्र लागतं. कुणा अधिकाऱ्याचा "हरकत नाही" असा ई-मेल पुरत नाही. नकार देण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं कलम ८६(६) ने सरकारवर बंधनकारक आहे. हरभजन सिंग ढल्ला यांनी दिल्लीत अल्जीरियाच्या वकिलातीचं दुरुस्तीचं काम केलं होतं. राजकीय कारण सांगून संमती नाकारली गेली. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने फेरविचाराचा आदेश दिला. नकार आला तर उच्च न्यायालयात रिट करता येते. आधी दावा दाखल करून मग संमती आणू, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

मुदत तीन वर्षांची आहे, आणि तुमची दोन गेली. मुदत कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे संमती मिळवण्यात गेलेला काळ वगळला जातो. अर्जाचा दिवस आणि आदेश हाती आल्याचा दिवस दोन्ही धरून. म्हणून अर्ज पोचल्याची तारीखवार पोच हा तुमचा जीव की प्राण. अर्ज आजच तयार करायला घ्या.

दावा जिंकल्यावरही एक फाटक उरतं. कलम ८६(३) प्रमाणे परकीय राज्याच्या मालमत्तेवर हुकूमनामा बजावायला पुन्हा वेगळी संमती लागते. शिवाय १९६१ च्या व्हिएन्ना कराराने वकिलातीची इमारत, आतलं सामान, गाड्या यांना जप्तीपासून पूर्ण संरक्षण आहे, आणि तो करार आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने लागू आहे. तेव्हा शोध व्यापारी मालमत्तेचा घ्यायचा: त्या सरकारला भारतातल्या एखाद्या खरेदीदाराकडून येणं असलेली रक्कम, किंवा बंदरावर पडलेला त्यांचा विक्रीचा माल.

या दोन्ही फाटकांना वळसा घालणारा रस्ता करार करतानाच घेता येतो, आणि तुमच्या करारात तो आहे का ते आधी बघा: लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याचं कलम. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये केएलए कॉन्स्ट टेक्नॉलॉजीज विरुद्ध अफगाणिस्तानची वकिलात या प्रकरणात ठरवलं की व्यापारी करारातून आलेल्या लवादाच्या निवाड्याची बजावणी करायला कलम ८६(३) ची संमती लागत नाही. लवाद मान्य करणं म्हणजेच तेवढ्यापुरतं संरक्षण सोडणं. हा निकाल दिल्लीचा आहे. नागपूर खंडपीठावर तो बंधनकारक नाही, पण वजनदार आहे. पुढचा करार करताना लवादाचं ठिकाण भारतातलं ठेवा आणि एवढं वाक्य घाला: "हा व्यवहार व्यापारी स्वरूपाचा असून दावा, लवाद, जप्ती व बजावणी या सर्वांबाबत खरेदीदार स्वतःचे व आपल्या मालमत्तेचे सार्वभौम संरक्षण बिनशर्त सोडून देत आहे." दावा आणि बजावणी दोन्ही शब्द हवेत. एकासाठी सोडलेलं संरक्षण दुसऱ्यासाठी सोडलं असं धरलं जात नाही.

प्रश्न (वरुड): बांगलादेशात संत्रा पाठवतो. दोन गाड्यांचे पैसे बुडाले; तिकडचा व्यापारी म्हणतो फळ सडकं होतं. अमरावतीत दावा लावून त्या हुकूमनाम्यावर तिकडे वसुली होईल का?

उत्तर: बांगलादेशातही १९०८ चीच दिवाणी प्रक्रिया संहिता चालते आणि कलम १३ तिथेही आहे. हिंगणघाटच्या उत्तरातले सगळे आक्षेप तिथला व्यापारी तुमच्या हुकूमनाम्यावर घेऊ शकतो. म्हणून तो अमरावतीत हजर झाला नाही तर खूश होऊन पटकन एकतर्फी हुकूमनामा घेऊ नका. तुमची साक्ष, गाडीचालकाची साक्ष, पॅकिंग स्लिप, फायटोसॅनिटरी दाखला, सीमेवर बेनापोलला माल उतरवतानाचे फोटो, व्यापाऱ्याचे संदेश, सगळं रीतसर पुराव्यात आणा आणि निकालपत्रात त्याची चर्चा यावी असा आग्रह धरा. समन्स नेमकं कसं बजावलं गेलं त्याचीही नोंद निकालपत्रात हवी.

मागणी तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तातडीचा हुकूम मागायचा नसल्यास आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. तो टाळला तर दावा फेटाळला जातो.

नाशवंत मालात कोर्ट हा शेवटचा उपाय. आंबियाच्या पुढच्या बहाराला अपरिवर्तनीय आणि भारतीय बँकेने कन्फर्म केलेलं लेटर ऑफ क्रेडिट (ठरलेले कागद दिल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) मागा. बँक माल बघत नाही, कागद बघते. कागद बरोबर असतील तर फळ सडल्याची सबब तिच्यापुढे चालत नाही. कागद माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांत आणि क्रेडिटची मुदत संपण्याआधी द्यावे लागतात, आणि ते तपासायला बँकेला कामाचे पाच दिवस असतात. पैसे अडतात ते बहुधा क्षुल्लक फरकांवर: क्रेडिटमध्ये "क्रेट" आणि इन्व्हॉइसवर "बॉक्स", नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे, वजनाच्या दोन आकड्यांत तफावत. माल भरण्याआधी क्रेडिटची प्रत टेबलावर ठेवून प्रत्येक कागद तिच्याशी ताडून बघा.

प्रश्न (अकोला): मुलाने न्यू जर्सीत धंद्यातल्या भागीदाराविरुद्ध निकाल मिळवला. तो भागीदार आता अकोल्याला परतला आहे, इथे त्याचे प्लॉट आहेत. दरखास्त करावी का?

उत्तर: दरखास्त करू नका, फेटाळली जाईल. अमेरिका ४४-अ च्या यादीत नाही. त्या निकालाच्या आधारावर इथे नवा दावा लावायचा, तोही निकालाच्या तारखेपासून तीन वर्षांत. मुदत कायद्याचा अनुच्छेद १०१ बघा. मूळ करारावरची मागणी मुदतीत असेल तर तीही पर्यायी मागणी म्हणून त्याच दाव्यात घाला. निकालाची प्रमाणित प्रत अपोस्टिलसह (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला) आणा, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४ चं गृहीतक तुमच्या बाजूने येतं: निकाल अधिकार असलेल्या न्यायालयाने दिला. प्लॉट विकायची हालचाल दिसत असेल तर दाव्यासोबतच आदेश ३८, नियम ५ खाली निकालपूर्व जप्तीचा अर्ज द्या. दुय्यम निबंधकाकडून मालमत्तेचा शोध अहवाल आणि विक्रीची जाहिरात किंवा इसार पावती यांसारखा ठोस कागद जोडा. नुसत्या संशयावर हा हुकूम मिळत नाही.

प्रश्न (वणी): गाठींच्या सौद्यात लिव्हरपूलच्या कॉटन असोसिएशनच्या लवादाने आमच्याविरुद्ध निवाडा दिला. तो यवतमाळच्या कोर्टात येईल का?

उत्तर: नाही. लवादाचा निवाडा ४४-अ खाली येतच नाही. परदेशी निवाडा लवाद व समेट कायदा, १९९६ च्या दुसऱ्या भागाखाली येतो, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते काम उच्च न्यायालयाचं आहे. तुमच्यासाठी नागपूर खंडपीठ. समोरच्याला निवाडा, लवादाचा करार आणि तो परदेशी निवाडा असल्याचा पुरावा दाखल करावा लागतो. मुदत तीन वर्षं, हे २०२० च्या वेदान्ता निकालाने नक्की केलं.

कलम ४८ मधली आक्षेपाची कारणं मोजकी आहेत आणि न्यायालयं ती ताणत नाहीत. नोटीस मिळाली नाही, लवादाचा करारच झाला नव्हता, निवाडा मागणीच्या पलीकडे गेला, असं काही असेल तर कागदानिशी मांडा. माल पाठवायच्या काळात सरकारने निर्यात थांबवली होती का तेही तपासा. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात अशीच अचानक बंद झाली होती. भुईमुगाच्या एका सौद्यात सरकारची परवानगी नसल्याने निर्यात करता आली नाही, तेव्हा २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने नाफेड विरुद्ध अलिमेंटा प्रकरणात परदेशी निवाड्याची बजावणी नाकारली. आणि निवाडा न पाळणाऱ्यांची यादी ती असोसिएशन प्रसिद्ध करते; तिच्यात नाव गेलं की तिचे सभासद सौदा करत नाहीत. पुढेही निर्यात करायची असेल तर खंडपीठात उत्तर दाखल करण्याआधी हप्त्याने फेडीचा प्रस्ताव समोरच्याच्या वकिलाकडे लेखी पाठवा, "तडजोडीसाठी, हक्कांना बाधा न येता" असं वर लिहून.